निरोगी माणसांचा तुटवडा

आजारी माणूस ओळखायचा असेल तर आधी एक निरोगी माणूस हाताशी असावा लागतो, हे वैद्यकशास्त्राचं मूळ तत्त्व आहे. आजारी माणसं मुबलक असतात. ती स्वतःहून येतात, वेळेवर येतात, येताना जुने रिपोर्ट पिशवीत घालून आणतात. निरोगी माणसाचं तसं नसतं. तो कामात असतो. रविवारी सकाळी येऊन एका नळकांड्यात पाऊण तास न हलता पडून राहा, असं त्याला म्हटलं तर तो हसून फोन ठेवतो. आणि जो खरोखरच येतो, त्याच्या निरोगीपणाबद्दल शंका घ्यायला जागा उरते.

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या एका विद्यापीठात (नाव सांगण्यात अर्थ नाही, सांगितलं तर बाकीची विद्यापीठं आपलं का वगळलं म्हणून रुसतील) प्राध्यापक मेंग यांच्या मेंदूचित्रण प्रयोगशाळेपुढे हाच पेच उभा राहिला. संशोधनाचा विषय होता, नैराश्य आलेल्या माणसाचा मेंदू ताण आला की काय करतो आणि बक्षीस मिळालं की काय करतो. नैराश्याचे तीस रुग्ण शेजारच्या रुग्णालयातून बघता बघता गोळा झाले. तीस निरोगी मिळता मिळेनात. नूडल्सच्या दुकानांवर जाहिराती चिकटवल्या, तेव्हा चार जण आले. एकाच्या पायात लोखंडी सळई होती, आणि यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक. दुसरा यंत्र बघूनच परतला. तिसऱ्याला आत गाढ झोप लागली आणि तो इतक्या समाधानानं घोरू लागला की त्याला उठवायचं कुणाच्या जिवावर येईना. चौथ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "रुग्णांच्या गटात जागा आहे का हो? तिथं मी जास्त शोभेन."

शेवटी परंपरेनं हात दिला. कुठल्याही प्रयोगाला निरोगी माणसं कमी पडली की प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनाच यंत्रात सारायचं, ही तिकडची जुनी आणि अत्यंत काटकसरीची रीत आहे. विद्यार्थी पळून जात नाहीत आणि त्यांना येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागत नाही. मेंगसरांनी व्याख्याही सुटसुटीत करून दिली: 'निरोगी म्हणजे जो आज कामावर आला आहे तो.' स्वतःची एकोणीस मुलं आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेकडून उसनी आणलेली अकरा, अशी तीस डोकी झाली आणि विज्ञानाचा गाडा पुढे सरकला.

या तीस निरोगी माणसांत सतरावा क्रमांक प्यो ग्युरीचा होता.

ग्युरी पीएच.डी.च्या आठव्या वर्षात होती. येत्या फेब्रुवारीत पदवी मिळाली तर मिळाली, नाहीतर नियमाप्रमाणे नाव कटणार आणि आठ वर्षं पाण्यात. इथवर सगळं रीतसर होतं. अडचण एवढीच, की गेलं वर्षभर तिला कशाचीच चव लागत नव्हती. किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं, सूप समोर आलं की वाफ दिसायची, रंग दिसायचा, आणि तोंडात घातलं की भिजलेला कागद. बसथांब्यावर उभं असताना उगाचच डोळे भरून यायचे, बस आली की ती ते पुसून चढायची. सकाळी जाग आली की आपण कशासाठी उठतोय, हे आठवायला बराच वेळ लागायचा. ती शिकतच असल्या गोष्टी होती, त्यामुळे हे काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. एके दिवशी ती शेजारच्या रुग्णालयात नाव घालायला निघाली, तेव्हा तिच्याच वर्षातला पण वयानं मोठा जेग्वान जिन्यात आडवा आला.

"वेड लागलंय का तुला? तू तिकडे नाव घातलंस की तू रुग्ण. तू रुग्ण झालीस की निरोगी उरले एकोणतीस. एकोणतिसांवर सर कुणाच्याच पदवीचा कागद पुढे पाठवायचे नाहीत."

"पण दादा, मला खरंच बरं वाटत नाहीये."

"इथं कुणाला वाटतंय? माझं लग्न ठरलंय गं ऑक्टोबरात. मुलीच्या बापाला सांगून बसलोय, डॉक्टर होतोय म्हणून. तू असं कर, फेब्रुवारीत पदवी घे आणि मार्चमध्ये खुशाल आजारी पड. मी स्वतः फुलं घेऊन येतो भेटायला."

ग्युरी मुळातच समंजस मुलगी. तिनं आपलं आजारपण मार्चपर्यंत पुढे ढकललं.

आता प्रत्यक्ष प्रयोगाविषयी. नळकांड्यात पडल्यावर आधी बक्षिसाचा खेळ असे. एक पत्ता उपडा दिसायचा. आकडा पाचाहून मोठा की लहान ते ओळखायचं. बरोबर आलं की हिरवा दिवा आणि 'अभिनंदन! पाच हजार वॉन!' रुग्णांना हे पैसे बाहेर आल्यावर पाकिटात मिळत. निरोगी गटाचे पैसे मात्र 'प्रयोगशाळा सद्भावना निधी'त जमा होत आणि त्यातून मेंगसरांच्या पाहुण्यांसाठी डुकराचं मांस भाजलं जाई. (सद्भावना निरोगी गटाची, मांस पाहुण्यांचं, अशी ही विभागणी होती.)

दुसरा खेळ ताणाचा. घाईघाईत गणितं सोडवायची, आणि चुकलं की कानाशी आवाज येणार: 'इतकं साधं येत नाही? तुमच्यामुळे सगळ्यांचा वेळ वाया चाललाय.' रुग्णांना हे ऐकवायचं काम ग्युरीकडे होतं. वाक्यं नीतिसमितीनं मंजूर केलेली होती. एकच गोष्ट समितीच्या ध्यानात आली नव्हती: रुग्णांपैकी निम्मे लोक ग्युरीच्या वडिलांच्या वयाचे होते, आणि वडीलधाऱ्या माणसाची खरडपट्टी काढायची म्हटलं की त्या देशात धाकट्याच्या घशातून आवाजच फुटत नाही. समितीनं तातडीची बैठक घेऊन दुरुस्ती सुचवली, की साठीच्या पुढच्या व्यक्तींचा अपमान योग्य तो आदर राखून करण्यात यावा.

योम चांगबे नावाचे टॅक्सीवाले काका होते. बायको गेल्यापासून त्यांनी टॅक्सीला हात लावला नव्हता. गाडी दारात उभी, आणि काका खिडकीत. पहिल्या रविवारी ते आत पडलेले, ग्युरी काचेपलीकडे माइक धरून.

"काका, माफ करा हं. आपलं उत्तर जरासं चुकलं. आपला त्यात काही दोष नाही. पण इथं असं लिहिलंय की आपल्यामुळे सगळ्यांचा वेळ वाया चाललाय."

"खरं आहे पोरी," नळकांड्यातून आवाज आला. "वायाच चाललाय. तू जेवलीस का?"

"काका, बोलू नका ना, चित्र हलतं."

"आवाज किती खोल गेलाय तुझा. आधी जेवून घे जा. मी काय इथून पळून जातोय? मला बांधून ठेवलंय."

या काळात योमकाकांचा ताण अत्यल्प नोंदवला गेला. माइक धरणाऱ्या व्यक्तीचा ताण मोजण्याची तरतूद नव्हती. बक्षिसाच्या खेळात मात्र काका जिंकले तेव्हा त्यांच्या मेंदूत, आनंद जिथे उमटतो तिथे, एक बारीकशी ठिणगी दिसली. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, नातीला गूळ घातलेली गरम पोळी न्यावी असं क्षणभर मनात आलं होतं.

निरोगी गटाला बोलणी ऐकवायला खुद्द मेंगसर बसत. त्यांना मंजूर वाक्यांचा कागद लागत नसे.

इथं प्रयोगशाळेची एक कामाची पद्धत सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचा चमत्कार कळायचा नाही. मेंगसर विद्यार्थ्यांशी एरवी बोलत नसत. शिव्या घालायच्या असल्या तरच बोलत. त्यामुळे ज्याची रोज बिनपाण्यानं हजामत होते, तो मुलगा मार्गी लागला असं समजायची तिथं पद्धत होती. सरांनी त्याचा लेख वाचला असल्याचा तो पुरावा. उलट ज्याच्याशी सर गोड बोलत, 'तब्येतीला जपा बरं का' म्हणत, त्याचं टेबल महिन्याभरात रिकामं होई. ग्युरीशी सर चार महिने चकार शब्द बोलले नव्हते. शिव्याही नाहीत, तब्येतही नाही. तिची पाचावर धारण बसली होती.

आणि अशा अवस्थेत ती त्या नळकांड्यात पडलेली असताना कानात गडगडाट झाला: "प्यो ग्युरी! दुसरीतलं पोर सोडवेल हे! आठ वर्षं काय म्हणून पोसलं तुला इथं? तुझ्या त्या तिसऱ्या प्रकरणात तरी काय दिवे लावलेस? सतरा आकृत्या, आणि एकीलाही अर्थ नाही!"

सरांना आपलं पूर्ण नाव आठवतंय! वर्षं आठवताहेत! तिसरं प्रकरण वाचलंय, आकृत्यासुद्धा मोजल्या आहेत! ग्युरीच्या मेंदूतलं आनंदाचं केंद्र, जे वर्षभर थंड पडलं होतं, ते पेटलेल्या शेगडीसारखं लाल झालं. त्याआधी ती बक्षिसाच्या खेळात ओळीनं जिंकली होती, तेव्हा तिथं मिट्ट काळोख होता. बाकीच्या एकोणतीस निरोगी डोक्यांचंही थोड्याफार फरकानं हेच झालं.

निकाल पडद्यावर आले त्या दिवशी जेग्वाननं आधी डोळे चोळले, मग चष्मा पुसला, मग म्हणाला, "पाट्यांची अदलाबदल झालीय. निरोगींच्या पाट्या रुग्णांना लागल्यात." पुन्हा पुन्हा तपासलं. पाट्या जागच्या जागी होत्या. सगळी पुस्तकं सांगतात की निरोगी माणसाला बक्षीस मिळालं की बरं वाटतं आणि नैराश्यात ते वाटेनासं होतं. इथं नैराश्यवाले थोडे तरी खूश होत होते, आणि निरोगी लोक शिव्या खाऊन तृप्त.

ग्युरीनं धीर केला. एवढा धीर तिनं आठ वर्षांत केला नव्हता. "सर," ती म्हणाली, "असं तर नसेल ना, की आपल्याच गटाला... बरं नाहीये?"

जेग्वाननं डोळ्यांनीच तिला हात जोडले. मेंगसरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"आज कामावर कोण कोण आलंय?"

सगळ्यांचे हात वर झाले. ग्युरीचाही झाला.

"मग?" सर म्हणाले.

या युक्तिवादात फट शोधून काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चूक निरोगी गटाची नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर चूक पुस्तकांची असणार हे ओघानंच आलं. पुस्तकं परदेशात लिहिलेली. त्यांतले निरोगी लोक म्हणजे रविवारी सकाळी मोकळे असणारे लोक. अशांना निरोगी म्हणायचं की रिकामटेकडे, असा प्रश्न सरांनी विचारला आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तोही सुटला. शोधनिबंधाचे निष्कर्ष असे:

(एक) निरोगी माणसाला बक्षिसानं काही होत नाही.
(दोन) निरोगी माणसाला बोलणी खाल्ल्यावर आपलं कुणीतरी आहे असं वाटतं.
(तीन) बक्षीस मिळाल्यावर ज्याला आनंद होतो, त्यानं दुर्लक्ष न करता वेळीच तपासून घ्यावं.

निबंध गाजला. 'देजॉन निरोगमान' या नावानं त्याची संगणकप्रणाली निघाली. माणसाला यंत्रात घालायचं आणि त्याचा मेंदू निरोगी मेंदूपासून किती ढळलाय ते पाहायचं. तीस मेंदूंची सरासरी काढत बसण्यापेक्षा सरासरीच्या सर्वांत जवळचा एकच मेंदू नमुना म्हणून घ्यावा, अशी सूचना आली. सर्वांत जवळचा निघाला सतरावा.

त्यानंतर शहराची प्रकृती झपाट्यानं सुधारली. एका कारखान्यानं वैद्यकीय कारणास्तव बोनस बंद केला आणि त्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर शिव्या देण्याची खिडकी उघडली. पहिल्या आठवड्यात जिन्यापर्यंत रांग होती. शाळांनी पहिला नंबर आलेल्या मुलांच्या पालकांना, घरी कौतुक झाल्यास पोर हसतं का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षअखेरीच्या पाहणीत शंभरातले एक्याण्णव नागरिक निरोगी आढळले. उरलेले नऊ नदीकाठी तळलेली कोंबडी खात, मोठमोठ्यानं हसताना सापडले. त्यांना निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं.

फेब्रुवारीत ग्युरीला पदवी मिळाली. आईवडील गावाहून फुलं घेऊन आले. फोटो काढताना आई कानाशी लागली, "हस की गं जरा. आठ वर्षं वाट पाहिलीय आम्ही या चेहऱ्याची." ग्युरी हसली. फोटोत ते चांगलंही आलं. मग मेंगसर जवळ आले, मायेनं तिच्याकडे पाहून म्हणाले, "छान झालं. तब्येतीला जपा बरं का." आता यापुढे आपल्याला शिव्या घालणारंही जगात कुणी उरलं नाही, हे तिला त्या गर्दीत उभं राहून कळलं.

मार्च उजाडला. ठरल्याप्रमाणे ती रुग्णालयात गेली. (जेग्वान फुलं घेऊन आला नाही; त्याचं लग्न यथासांग होऊन तो सासऱ्याच्या मर्जीत होता.) बाहेरच्या बाकावर योमकाका बसलेले. अंगावर धुतलेला शर्ट, हातात गरम पोळीचं पुडकं.

"अगं! तू इकडे कशी?"

"तुम्ही कसे आहात काका?"

"काही विचारू नकोस. टॅक्सी पुन्हा काढली. झोप लागते. जेवण गोड लागतं. परवा नात शाळेत जायला लागली, तर तिचं ते एवढंसं दप्तर बघून मी रस्त्यात हसत उभा. डॉक्टरीणबाई म्हणतात, बिघडत चाललंय, लगेच येऊन दाखवा." ते जवळ सरकले. "पण तू का आलीस? तू तर निरोगी ना?"

"हो काका. तोच त्रास होतोय."

काकांचं हसू गेलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं व्हायला आली."

"आणि कुणी विचारलं नाही तुला?"

"सगळे विचारायचे की. मी ठीक आहे म्हणायचे."

तिचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टर मो या मनमिळाऊ बाई होत्या. त्यांनी ग्युरीला रीतसर नळकांड्यात घातलं, बाहेर काढलं, पडद्याकडे पाहिलं, आणि खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"फरक शून्य! इतक्या वर्षांत असा मेंदू पाहिला नाही मी. नमुन्याशी तंतोतंत!"

"तो नमुना मीच आहे, डॉक्टर."

"काय सांगता!"

"सतरावी. तुम्ही मला माझ्याशीच ताडून बघताय. तेव्हाही मला बरं नव्हतं. जेवणाची चव जाते, रस्त्यात रडू येतं, सकाळी उठावंसं वाटत नाही. मला औषध द्या हो. मी फार दिवस थांबलेय."

डॉक्टर मो यांनी तिचा हात हातात घेतला. त्या मनानं खरोखरच चांगल्या होत्या. "अहो, ते सगळ्याच निरोगी लोकांना होतं," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा होतं. म्हणून कुणी औषध घेतं का? बाहेर बघा, खरे आजारी किती जण बसलेत."

ग्युरी रडली. अगदी लहान मुलासारखी, नाक पुसत, आवाज काढून रडली. आठ वर्षांचं आणि दोन वर्षांचं सगळं मिळून रडली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि नोंद केली: 'रडणे, नमुन्याप्रमाणे.'

बाहेर काका थांबले होते. "काय म्हणाल्या?"

"निरोगी."

"अरेरे," काका म्हणाले. त्यांनी पुडकं तिच्या हातात कोंबलं. तिनं एक घास घेतला, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि छान आहे म्हणाली.

प्राध्यापक मेंग आता निरोगमानाची व्याप्ती वाढवत आहेत. देशोदेशींची लाखभर निरोगी माणसं हवी आहेत, आणि एवढ्यांना यंत्रात घालणं परवडणार नाही म्हणून त्यांनी काम एका प्रश्नावर आणून ठेवलं आहे. प्रश्न कुणीही, कुठेही विचारला तरी चालतो. विचारणाऱ्यानं उत्तरासाठी थांबण्याचीही गरज नाही. मराठी वाचकांची पाहणी नुकतीच पूर्ण झाली. आज सकाळी तुमच्या शेजाऱ्यानं जिना उतरता उतरता "काय, कसं काय?" असं विचारलं, आणि तुम्ही कुलूप लावता लावता "मजेत" म्हणालात. तुमचं नाव निरोगी गटात घालण्यात आलं आहे. यापुढे तुमच्या मुलांची तपासणी तुमच्याशी ताडून होईल.